शिकाऊ हातांचा खर्च कुणी उचलायचा?

महाराष्ट्रातल्या शासकीय आयटीआयमधल्या पात्र प्रशिक्षणार्थीला २०२३ पर्यंत सरकारकडून ४० रुपये विद्यावेतन मिळत होते. रोजचे नव्हे, महिन्याचे. एवढ्या पैशांत दोन-तीन वडापाव येतात. कित्येक दशके या आकड्याला कुणी हात लावला नव्हता. त्या वर्षी मंत्रिमंडळाने ही रक्कम ५०० रुपये केली. रक्कम साडेबारा पट झाली, तरीही फिटरच्या दोन वर्षांच्या ट्रेडला बसलेल्या मुलाचे महिन्याचे दुपारचे जेवणसुद्धा त्यातून भागत नाही. त्याच्याच वयाचा गावातला मुलगा बिगारी कामाला किंवा पार्सल पोहोचवायला गेला, तर तेवढे पैसे एखाद-दुसऱ्या दिवसात घरी आणतो. दहावीनंतर कमावायला लागायचे की आणखी दोन वर्षे शिकायचे, हा प्रश्न गरीब घरात या हिशोबावरच सुटतो. बहुतेक वेळा तो शिक्षणाच्या विरोधात सुटतो.

कौशल्य विकासाचा गाजावाजा मात्र कमी नाही. केंद्रात त्यासाठी २०१४ साली स्वतंत्र खाते निघाले. १५ जुलै २०१५ रोजी स्किल इंडिया अभियान आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. तरीही २०२२-२३ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार १५ ते २९ वयोगटातल्या फक्त ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यवसाय-प्रशिक्षण घेतलेले होते. आणखी १६.६ टक्के जण बापाच्या हाताखाली, काकाच्या दुकानात किंवा गॅरेजमधल्या उस्तादाकडे शिकले होते. उरलेल्या जवळपास ऐंशी टक्के तरुणांनी कुठलेच व्यवसाय-प्रशिक्षण घेतलेले नव्हते.

मग याचा खर्च कुणी करायचा? मुलाच्या बापाने, मालकाने की सरकारने? सरकारने तो करावा, आणि आजच्यापेक्षा जास्त करावा, याला भक्कम आधार आहे. पैसा कशावर खर्च होतो यावर मात्र त्याचे सार्थक अवलंबून आहे.

मालक का शिकवत नाही?

भोसरीत किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीत वीस-पंचवीस माणसांचा कारखाना चालवणाऱ्या उद्योजकाचा हिशोब साधा असतो. एका पोराला सीएनसी मशीनवर तयार करायचे, तर निदान काही महिने त्याला पगार द्यायचा, त्याच्या हातून वाया गेलेला माल सोसायचा आणि अनुभवी ऑपरेटरचा वेळ त्याच्यामागे घालवायचा. पोरगा तयार झाला की चाकणची मोठी कंपनी दोन-तीन हजार जास्त देऊन त्याला उचलते. शिकवण्याचा खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याचा. असे दोनदा झाले की तो उद्योजक शिकवणे बंद करतो आणि ‘अनुभवी पाहिजे’ अशी पाटी लावतो. शेजारचे सगळे कारखाने तेच करतात. मग अनुभवी माणूस कुणालाच मिळत नाही आणि ‘माणसे मिळत नाहीत’ अशी तक्रार सगळेच करतात.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली आलेल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात या पेचाची मांडणी केली. एकाच कारखान्यात उपयोगी पडणारे कौशल्य मालक स्वतःच्या खर्चाने शिकवतो, पण कुठेही चालणारे कौशल्य शिकवण्यात त्याला रस नसतो. तो खर्च शिकणाऱ्यावर येऊन पडतो. शिकणाऱ्याकडे पैसा नसला आणि उद्याच्या पगाराच्या भरवशावर आज कर्ज द्यायला बँक तयार नसली, तर ते शिक्षण होतच नाही. वेल्डिंग, वायरिंग, नर्सिंग, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती ही सगळी कौशल्ये कुठेही चालणारी आहेत. म्हणजे ज्यांची सगळ्यांना गरज आहे, नेमकी तीच शिकवायला कुणी पुढे येत नाही.

कायद्याने मालकाला यात ओढण्याचा प्रयत्न जुना आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार मोठ्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांसाठी हे प्रमाण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ठरवले. केंद्राची २०१६ ची प्रोत्साहन योजना विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, म्हणजे महिन्याला कमाल १,५०० रुपये उचलू लागली. मोठ्या कंपन्यांना हे जमते. पण देशातला बहुतेक रोजगार जिथे आहे, त्या छोट्या कारखान्यांत, दुकानांत आणि गॅरेजांत हा कायदा पोहोचत नाही.

सैनिक, निर्वासित आणि आयटीआय

कामगाराला सरकारी खर्चाने शिकवणे ही कल्पना भारताला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना नागरी कामधंद्याला लावण्यासाठी जुलै १९४५ मध्ये एक स्वतंत्र संचालनालय उघडण्यात आले. फाळणीनंतर हीच यंत्रणा निर्वासितांसाठी राबली आणि पुढे सगळ्याच बेरोजगारांसाठी खुली झाली. त्यातूनच १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि सुमारे ५० संस्था सुरू झाल्या. त्याच आजच्या आयटीआय. १९५६ मध्ये त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला आणि १९६९ पासून पैशांचा भारही राज्यांवर आला.

महाराष्ट्राच्या औद्योगिक पट्ट्यात या संस्थांनी काय केले, ते सांगायला आकड्यांची गरज नाही. पिंपरी-चिंचवड, नाशिकचे सातपूर-अंबड, छत्रपती संभाजीनगरचे वाळूज इथल्या कारखान्यांच्या शॉप फ्लोअरवर दोन पिढ्या आयटीआयचे फिटर, टर्नर, मशिनिस्ट उभे होते. शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या, शिपायाच्या घरातला मुलगा नाममात्र फी भरून दोन वर्षांत जोडारी किंवा कातारी व्हायचा, अप्रेंटिसशिप करायचा आणि कायम नोकरीत लागायचा. पुढे त्याची मुले इंजिनिअर झाली.

आज राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. देशात शासकीय आणि खाजगी मिळून सुमारे पंधरा हजार संस्था आहेत आणि दर चारांतल्या तिनांहून अधिक खाजगी आहेत. संख्या वाढली, पण कार्यशाळेत पाऊल टाकले की अडचण दिसते. कित्येक ठिकाणी निदेशकांची पदे रिक्त असतात आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या माणसांवर काम भागवले जाते. यंत्र बिघडले तर दुरुस्तीचा पैसा नसतो आणि सरावासाठी लागणारे लोखंड, इलेक्ट्रोड, तांब्याची तार मोजून-मापून वापरावी लागते. वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाच्या हाताला वळण लागायचे तर त्याने शेकडो सांधे जोडून बघायला हवेत. फळ्यावर आकृती काढून वेल्डर तयार होत नाही.

दोन शहरे, दोन रस्ते

सरकारने प्रशिक्षणाला पैसा दिला नाही तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि लालबाग-परळच्या घराघरांतून नोकरी गेली. आर्थिक उदारीकरणानंतर, फेब्रुवारी १९९२ मध्ये, केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला. ज्या कामगारांचे काम जाणार, त्यांना नवे काम शिकवून पुन्हा उभे करणे हा त्यामागचा जाहीर हेतू होता. प्रत्यक्षात निधीतला बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर गेला आणि पुनर्प्रशिक्षणाच्या वाट्याला अगदी थोडा आला. हातात आलेली रक्कम घरदुरुस्तीत, लग्नात, कर्जफेडीत संपली. साचे चालवण्यात तरबेज असलेली माणसे सुरक्षारक्षक झाली, भाजीच्या गाड्या लावू लागली किंवा कोकणात, साताऱ्याला आपापल्या गावी परतली.

त्याच काळात अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ शहरालाही असाच फटका बसला. जानेवारी १९९० मध्ये लिव्हाय स्ट्रॉस कंपनीने तिथला कपड्यांचा कारखाना बंद केला आणि सुमारे एक हजार कामगार रस्त्यावर आले. त्यांत मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया सर्वाधिक होत्या. सरकारी प्रशिक्षणाचे छोटे अभ्यासक्रम तिथेही होते आणि त्यांतून फारशी कामे मिळत नव्हती. तेव्हा चर्चच्या आधाराने काम करणाऱ्या वस्तीपातळीवरच्या संघटनांनी शहराकडे आणि राज्याकडे पैसा मागितला. त्यातून ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ उभा राहिला.

त्याची रीत उलट्या टोकाने सुरू होत असे. आधी शहरातल्या रुग्णालयांना आणि उद्योगांना विचारायचे, की येत्या दोन-तीन वर्षांत कोणती पदे भरणार आणि त्यांना काय पगार देणार. मग त्या पदांपुरतीच माणसे निवडायची आणि त्यांना सार्वजनिक महाविद्यालयांत शिकायला पाठवायचे. हे शिक्षण आठवड्यांचे नसे, एक-दोन वर्षे चाले. फी, पुस्तके, प्रवास, लहान मुलांच्या सांभाळाचा खर्च यांसाठी मदत मिळे आणि अडचणीत धीर द्यायला समुपदेशक असे. पुढे या कार्यक्रमाची काटेकोर परीक्षा झाली. अर्ज केलेल्यांपैकी चिठ्ठी टाकून निवडलेल्यांची आणि न निवडलेल्यांची कमाई वर्षानुवर्षे मोजली गेली. नऊ वर्षांनंतरही शिकलेल्यांची वार्षिक कमाई दुसऱ्या गटापेक्षा पाच हजार डॉलरहून अधिक होती.

एक हजार कामगार आणि अडीच लाख कामगार यांची बरोबरी होत नाही, हे खरे. पण अडीच लाखांतल्या दहाव्या हिश्शासाठीसुद्धा असा प्रयत्न झाला नाही, हेही तितकेच खरे.

सगळेच प्रशिक्षण कामाचे नसते

प्रशिक्षणावर सरकारने पैसा घालावा असे म्हणणाऱ्यांना एक कडू आकडा गिळावा लागतो. जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी विकसनशील देशांतल्या अशा कार्यक्रमांच्या शास्त्रशुद्ध पाहण्या एकत्र करून २०१७ मध्ये निष्कर्ष काढला. शंभर जणांना शिकवले, तर ज्यांना एरवी काम मिळाले नसते अशा जेमतेम दोघा-तिघांना काम मिळते. याचा अर्थ सरासरी कार्यक्रम फारसा कामाचा नाही. त्याच पाहण्यांत चांगले निकाल देणारे कार्यक्रमही आहेत. कोलंबियात सरकारी पैशाने चाललेल्या एका योजनेत वर्गातले शिक्षण आणि कारखान्यातला अनुभव एकत्र होता. तिथे गरीब घरांतल्या तरुणींची कमाई सुमारे वीस टक्क्यांनी वाढली. दिल्लीतल्या वस्त्यांमध्ये सहा महिन्यांचे शिवणकाम शिकलेल्या बायकांमध्ये काम करणाऱ्यांचे प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा जास्त निघाले. मध्येच कोर्स सोडण्याची कारणेही त्याच पाहणीत सापडली: केंद्र लांब असणे, पदरी पैसा नसणे आणि घरी मुलांना सांभाळायला कुणी नसणे.

भारतातल्या मोठ्या योजनांचा अनुभव सावध करणारा आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत आला. बहुसंख्य प्रशिक्षणार्थींच्या नोंदीत बँक खात्याचा रकाना कोरा होता किंवा नुसत्या शून्यांनी भरलेला होता. काही ठिकाणी एकच छायाचित्र अनेक नावांपुढे लावलेले होते. अल्पकालीन प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या दहांपैकी सुमारे चौघांनाच काम मिळाल्याची नोंद होती. केंद्र चालवणाऱ्याला पैसे माथ्यामागे मिळणार असतील, तर तो माथी मोजण्यातच हुशार होतो, हे यातून दिसते.

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची गोष्ट वेगळी, पण धडा जवळचा. २०२४ मध्ये आलेल्या या योजनेत बारावी पास तरुणाला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. वर्षाला दहा लाख तरुण आणि ५,५०० कोटी रुपये असा तिचा आवाका जाहीर झाला. शिकणाऱ्याला जगण्यापुरते पैसे द्यावे लागतात, हे सरकारने इथे मान्य केले, ही मोठी गोष्ट. पण अनेक तरुण सरकारी कार्यालयांत आणि ग्रामपंचायतींत टेबलावर बसले. त्यांना शिकवणारा माणूस तिथे नव्हता आणि शिकायचे काय, तेही ठरलेले नव्हते. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांवर नेण्यात आली. ती संपताच प्रशिक्षणार्थी कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलनाला बसले. आयटीआयमध्ये निदेशक आहे पण विद्यावेतन ५०० रुपये, आणि इथे विद्यावेतन आहे पण निदेशक नाही. दोन्ही योजना एकाच सरकारच्या आहेत.

पैसा कशाला आणि कुठून

सरकारी पैशाची पहिली गरज निदेशकाला आहे. कारखान्यात दहा वर्षे काढलेला माणूस शिकवायला यावा, असा पगार आणि कायम पद त्याला हवे. दुसरी गरज सरावाच्या मालाची आणि यंत्रांच्या देखभालीची. नवे यंत्र आले की उद्घाटन होते, ते चालू ठेवण्याचा खर्च मात्र अर्थसंकल्पात सापडत नाही. तिसरी गरज विद्यावेतनाची, विशेषतः मुली आणि भूमिहीन घरांतल्या मुलांसाठी, आणि केंद्राजवळच्या पाळणाघराची. चौथी गोष्ट स्वस्त आहे, पण टाळली जाते. प्रशिक्षणानंतर वर्षभराने माणूस कुठे आहे आणि किती कमावतो, हे भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींवरून तपासायचे आणि संस्थेचा पुढचा हप्ता त्यावर ठरवायचा.

शाळेपासून सुरुवात करण्याचा एक देशी नमुना पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आहे. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, सुतारकाम, वीजकाम, शेती, अन्नप्रक्रिया हे सगळे मुलांनी गावासाठी खरी कामे करत शिकायचे, असा तिथला अभ्यासक्रम. तो राज्यातल्या अनेक शाळांत पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे लक्ष्य ठेवले, तेव्हा पाबळचा अनुभव जवळजवळ चार दशकांचा झाला होता.

पैसा उभा करण्याचे मार्ग इतर देशांनी वापरून पाहिले आहेत. ब्राझीलमध्ये १९४२ पासून उद्योगांकडून पगारखर्चाच्या एक टक्का रक्कम घेऊन ‘सेनाय’ ही प्रशिक्षण संस्था चालते. सिंगापूरने १९७९ मध्ये मालकांवर कौशल्य-अधिभार बसवला. ब्रिटनमध्ये २०१७ पासून वर्षाला ३० लाख पौंडांहून जास्त पगारखर्च असलेल्या कंपन्या अर्धा टक्का भरतात. मालकाने स्वतः शिकवले नाही तरी त्याचा वाटा द्यावाच लागतो, त्यामुळे शेजाऱ्याचा तयार माणूस फुकटात पळवण्याची सोय कमी होते. जर्मनीत कारखान्यातल्या प्रशिक्षणाचा खर्च कंपनी करते आणि व्यवसायशाळेचा खर्च तिथली राज्ये उचलतात. त्यांतल्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. प्राथमिक टप्प्यात दहा हजार तरुणांना जर्मन भाषा शिकवून पाठवायचे ठरले. परक्या देशाच्या रुग्णालयांसाठी आणि कारखान्यांसाठी माणसे तयार करायला सरकारी तिजोरी उघडता येते, तर धाराशिव आणि नंदुरबारसाठीही ती उघडता यायला हवी.

अधिभाराची कल्पना महाराष्ट्राला परकी वाटू नये. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेल्या पैशाने खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, हे राज्याने तेव्हा कायद्याने मान्य केले. देशभराचा रोजगार हमी कायदा २००५ साली झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. व्यवसाय कराची वर्षाला २,५०० रुपयांची घटनात्मक कमाल मर्यादा १९८८ पासून तशीच आहे. ती वाढवायची तर घटनादुरुस्ती लागेल. पण मोठ्या आस्थापनांवर प्रशिक्षण-अधिभार बसवायचा आणि जो मालक स्वतः अप्रेंटिस घेऊन शिकवतो त्याला तेवढी सूट द्यायची, यावर चर्चा सुरू करायला काहीच आड येत नाही.

सध्या मोठा पैसा केंद्राकडून येतो आहे. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘पीएम-सेतू’ या नावाने सुरू झालेल्या योजनेत ६०,००० कोटी रुपये आहेत. त्यांत ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० कोटी राज्यांचे आणि १०,००० कोटी उद्योगांचे आहेत. देशातल्या एक हजार शासकीय आयटीआय सुधारायच्या आहेत. त्यांपैकी दोनशे मोठी केंद्रे असतील आणि आठशे संस्था त्यांना जोडलेल्या असतील. मुदत पाच वर्षांची आहे. यंत्रे मागवण्यात आणि बसवण्यात त्यांतली दोन गेली, तर नव्या यंत्रांवर पूर्ण शिकून निघालेल्या फिटरच्या फक्त दोन तुकड्या या मुदतीत बाहेर पडतील. ती यंत्रे शिकवू शकणाऱ्या निदेशकांची भरती निविदा काढण्याआधीच सुरू व्हायला हवी, आणि राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात पाहण्यासारखी तरतूद तीच आहे.